सह्याद्री ढग ‘अडवतो’? मग वाईवर जुलैत ढग कुठून येतात?

नमस्कार.

[पडद्यावर सातारा जिल्ह्याचा नकाशा]

हे महाबळेश्वर. वर्षाचा सरासरी पाऊस साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर. इथून पूर्वेला वीसेक किलोमीटरवर पाचगणी: दोन हजारांच्या आत. पसरणी घाट उतरलात की वाई: हजाराच्याही आत. आणि याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यात कसाबसा पाचशेच्या आसपास.

‘सह्याद्री ढग अडवतो’ हे शाळेत पाठ केलेलं उत्तर. पण जुलैत वाईवर दिवसदिवस आभाळ भरलेलं असतं, फक्त पडत नाही. म्हणजे ढग अडलेले नाहीत. डोंगर अडवतो ती हवा, आणि अडलेली हवा वर चढते.

[बाटली हातात घेत]

एक लिटरची प्लास्टिकची बाटली. आत दोन चमचे कोमट पाणी. पेटलेली काडी विझवून तिचा धूर आत घ्या, झाकण घट्ट लावा. आता दाबा… पाच सेकंद… सोडा. दिसला ढग? हात काढल्यावर हवा फुगली आणि फुगताना गार झाली. धूर विसरलात तर ढग जवळपास दिसतच नाही, कारण वाफेला थेंब धरायला कण लागतो. खऱ्या ढगात ते काम समुद्राचं मीठ आणि धूळ करतात.

घाटात हेच होतं. वर दाब कमी, म्हणून चढणारी हवा फुगते आणि किलोमीटरमागे सुमारे १० अंशांनी थंडावते. ३० अंशांची एक घनमीटर हवा साधारण ३० ग्रॅम वाफ धरते, २० अंशांची १७ ग्रॅम. बाकीची वाफ थेंब होऊन बाहेर पडते.

ढगाचा तळ किती उंचीवर असेल, हे घरबसल्या काढता येतं. कोकणात तापमान २८, दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचे थेंब व्हायला लागतात ते) २५. फरक ३, गुणिले १२५ मीटर: पावणेचारशे मीटर. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढताना गाडी ‘धुक्यात’ शिरते ना, ते धुकं म्हणजे हाच ढग. तिथून पुढे हवा निम्म्याच वेगाने थंड होते, कारण थेंब बनताना वाफेतली उष्णता मोकळी होते.

आता माथा ओलांडला. बरंच पाणी मागे सांडलंय आणि हवा उतरतेय. उतरताना ती दाबली जाते, तापते. सायकलचा पंप मारताना त्याची नळी गरम लागते, तसंच. तापलेल्या हवेत उरलेले बारीक थेंब पुन्हा वाफ होतात. ढग विरळ होतो, चुकून सर आली तरी अंग भिजत नाही. हाच पर्जन्यछायेचा प्रदेश.

माणचा भरवशाचा पाऊस म्हणूनच जून-जुलैचा नाही. सप्टेंबरात पश्चिमेचा वारा ढिला पडतो, ऊन जमीन तापवते आणि दुपारनंतर जागच्या जागी गडगडाटी ढग उभे राहतात. त्यांना वर चढायला डोंगराच्या धक्क्याची गरज नसते. तिकडची ज्वारी रब्बीची असते, ती या ओलीवर.