बारा आकडे आणि एक अंगठा

[दृश्य : सकाळचं ऊन. रस्त्याकडेला पाटी – टेंभली, तालुका शहादा, जिल्हा नंदुरबार]

२९ सप्टेंबर २०१०. पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी या गावात आले होते. दहा गावकऱ्यांच्या हाती त्या दिवशी बारा आकड्यांचा नंबर पडला. आधारचे देशातले पहिले धनी हे. मुंबई-दिल्ली सोडून मुहूर्त इथं काढला, त्याला कारण होतं. मजुरीसाठी गुजरातेत जाणाऱ्यांचा हा मुलूख. जन्माचा दाखला नाही, सातबारा नाही. कचेरीत 'तू कोण?' म्हटलं, तर माणसानं दाखवावं काय?

[दृश्य : संगणकाचा पडदा. एकेक आकडा उमटतो]

गाडीवर 'एमएच १२' दिसलं की पुणं कळतं. पॅनच्या पाचव्या अक्षरावरून आडनावाचा अंदाज बांधता येतो. आधारच्या आकड्यांत मात्र गाव, जात, वय, काहीच दडलेलं नाही. मुद्दामच. सुरुवात शून्यानं किंवा एकानं होत नाही, एवढाच काय तो नेम. शेवटचा आकडा मात्र राखणदार. आधीच्या अकरांवरून तो गणितानं काढलेला असतो. ही रीत व्हेरहॉफ नावाच्या डच गणितज्ञाची. लिहिताना एक आकडा चुकला किंवा शेजारचे दोन उलटसुलट झाले, की हिशेब जुळत नाही आणि चूक तिथंच पकडली जाते.

पण नंबर म्हणजे कुलूपही नव्हे, किल्लीही नव्हे. तो नुसता घर क्रमांक. नोंदणीच्या वेळी दहा बोटांचे ठसे, दोन्ही बुबुळं आणि फोटो घेतात, आणि आधीच्या सगळ्या नोंदींशी ताडून बघतात, म्हणजे एकाच माणसाला दोन नंबर मिळू नयेत. पुढे रेशन दुकानात अंगठा लावला, की यंत्रणा फक्त त्या एका नंबराची नोंद उघडते. ठसा जुळला तर 'हो', नाही तर 'नाही'.

आणि हा नागरिकत्वाचा पुरावा नाही. कायद्यानं तो रहिवाशाचा नंबर आहे. नोंदणीआधीच्या वर्षभरात १८२ दिवस भारतात राहिलेला परदेशी माणूसही तो काढू शकतो. आपल्याकडे ही गोष्ट सोयीस्करपणे विसरली जाते.

[दृश्य : रेशन दुकान. काउंटरवर ई-पॉस मशीन. एक आजी पदरानं अंगठा पुसतेय]

आता कॅमेरा जरा जवळ नेऊ. हा अंगठा बघा. निंदणी-खुरपणीत, भांडी घासण्यात रेषा झिजून गेल्यात. मशीन लाल होतं. आजी अंगठा पुन्हा पदराला पुसतात, पुन्हा लाल. मागं रांग चुळबुळते. कष्ट जितके जास्त, तितका ठसा पुसट. आणि धान्याची गरजही त्याच हातांना जास्त. ठसा जुळला नाही म्हणून हक्काचं धान्य नाकारू नये, असा नियम आहे. बुबुळं, चेहरा, मोबाइलवरचा ओटीपी असे पर्यायही आहेत. पण पर्याय कागदावर असणं वेगळं आणि दुकानात चालणं वेगळं.

[दृश्य : सर्वोच्च न्यायालयाची इमारत]

आधारच्या सक्तीचा वाद कोर्टातही गेला. निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेत २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं, खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. पुढच्या वर्षी २६ सप्टेंबरला चार विरुद्ध एक मतानं आधार टिकलं. सरकारी अनुदान आणि पॅनसाठी सक्ती राहिली, बँक खातं आणि मोबाइलसाठीची उडाली.

[दृश्य : झेरॉक्सचं दुकान. टेबलावर फसलेल्या प्रतींचा गठ्ठा]

एवढं सगळं करून आपण काय करतो? लॉजला, सिमकार्डाला, जो मागेल त्याला झेरॉक्स देतो. पहिले आठ आकडे झाकलेलं 'मास्क्ड आधार' मोफत निघतं, खऱ्या नंबराऐवजी देता येणारा १६ आकड्यांचा तात्पुरता व्हर्च्युअल आयडी मिळतो, बोटांच्या ठशांना घरबसल्या कुलूप लावता येतं. मे २०२२ मध्ये आधार देणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या एका कार्यालयानं 'झेरॉक्स वाटू नका' असं पत्रक काढलं. गोंधळ उडाला आणि दोन दिवसांत ते मागंही घेतलं गेलं.

[दृश्य : पुन्हा रेशन दुकान]

आजींनी आता डाव्या हाताचं मधलं बोट टेकवलंय. मशीन क्षणभर थांबतं. हिरवा दिवा. पावती बाहेर येते.

दुकानदार पिशवीत गहू ओतता ओतता म्हणतो, "आजी, पुढच्या महिन्यात हेच बोट लावा बरं का."