उंचीचा वेग मोजा

आजच्या व्याख्यानाच्या पत्रिकेवर विषय छापलाय ‘पौगंडावस्थेतील शारीरिक, बौद्धिक आणि सामाजिक विकास’. एका तासात तिन्ही! ठरवणाऱ्यांच्या उत्साहाला दाद द्यायला हवी. शरीरापासून सुरुवात करू, बघू कुठवर पोचतो.

तेरा वर्षांचं मूल दिसलं की मोठी माणसं हटकून विचारतात, ‘उंची किती झाली?’ मूल सांगतं, ‘150 सेंटिमीटर.’ आता यातून कळलं काय? वाढ अजून सुरू व्हायचीय, भरात आहे, की संपत आलीय? काहीच नाही. विचारायला हवं ते हे, की गेल्या वर्षभरात किती वाढलास?

हा हिशोब कागदावर पहिल्यांदा नीट आला तो गेनो द माँबेयार या फ्रेंच गृहस्थामुळे. 1759 साली त्याला मुलगा झाला. तेव्हापासून 1777 पर्यंत, साधारण सहा-सहा महिन्यांनी, तो मुलाची उंची मोजून लिहीत राहिला. त्याचा मित्र ब्यूफाँ हा नामांकित निसर्गशास्त्रज्ञ. त्याने ते आकडे छापले. अठरा वर्षं भिंतीला टेकून उभं राहणाऱ्या मुलाला काय वाटलं, हे मात्र कोणी छापलं नाही. गंमत अशी, की या आकड्यांवरून नुसती उंची मांडली तर रेघ चढत जाते, बस्स. वर्षाला किती वाढ झाली ते मांडलं की चित्र पालटतं. तान्हेपणी प्रचंड वेग, मग तो वर्षानुवर्षं उतरत जातो, आणि चौदाव्या वर्षाच्या आसपास अचानक उसळी घेतो. जवळजवळ दोनशे वर्षांनी मुलांच्या वाढीचे ब्रिटिश अभ्यासक जेम्स टॅनर यांनी किशोरवयातली वाढ समजावताना हाच आलेख पुढे ठेवला.

आता आकडे. उसळीआधी वाढ वर्षाला 5 सेंटिमीटरच्या आसपास असते आणि उसळीच्या तोंडाशी ती आणखी मंदावते. नेमक्या याच वेळी आईवडील घाबरतात आणि पावडरींचे डबे घरात येतात. पुढे उसळी आली की श्रेय डब्याला! मुलींची उसळी साधारण बाराव्या वर्षी टोकाला पोचते, वर्षाला 8 सेंटिमीटरच्या आगेमागे. मुलांची चौदाव्या वर्षी, 9 ते 10. मुलींमध्ये ती वयात येण्याच्या सुरुवातीलाच येते. पहिली पाळी येते तेव्हा टोक उलटून गेलेलं असतं आणि त्यानंतर बहुतेकींची उंची 5 ते 7 सेंटिमीटरच वाढते. मुलांमध्ये उसळी उशिरा येते. आधी अंडकोष वाढतात, आवाज फुटायला लागतो, मग उंची. स्त्री-पुरुषांच्या उंचीतला सरासरी 13 सेंटिमीटरचा फरक बराचसा या दोन जादा वर्षांतून येतो. म्हणून मूल शेवटी किती उंच होईल, याच्या अंदाजाच्या सूत्रातही 13 आहे. आईवडिलांच्या उंचीची बेरीज करा, मुलगा असेल तर 13 मिळवा, मुलगी असेल तर वजा करा, दोनाने भागा. वडील 170 आणि आई 156 सेंटिमीटर असेल तर मुलगा 169.5, मुलगी 156.5, वर-खाली 8-9 सेंटिमीटर सोडून द्या. पण ही शेवटची उंची झाली. ती कधी गाठणार, हे सूत्र सांगत नाही.

मोजण्याबद्दल माझी जुनी तक्रार आहे, ती ऐकून घ्या. पायात मोजे, डोक्यावर पुस्तक, पुस्तक तिरकं, आणि संध्याकाळची वेळ. दिवसभरात पाठीच्या मणक्यांमधल्या चकत्या दबतात. सकाळच्या आणि संध्याकाळच्या उंचीत एक सेंटिमीटरचाही फरक पडू शकतो. मोजायचं ते अनवाणी, टाचा भिंतीला टेकवून, आणि भिंतीच्या पायथ्याला पुढे आलेली पट्टी नसावी. डोळ्याच्या खोबणीची खालची कड आणि कानाचं छिद्र एका आडव्या रेषेत. केस सोडलेले, डोक्यावर पुस्तकाऐवजी गुण्या, म्हणजे सुताराचा काटकोन. टेप स्टीलची, कारण कापडी टेप ताणली जाते. वेळ दर खेपेला तीच. आणि दर महिन्याला मोजू नका! अर्ध्या सेंटिमीटरची चूक कोणाच्याही हातून होते; महिन्याच्या वाढीला बाराने गुणलं की ती 6 सेंटिमीटर होते. सहा महिन्यांनी मोजून दुप्पट केलं तर चूक एका सेंटिमीटरवर थांबते.

वाढीचा क्रमही बघा. आधी पावलं, मग पाय, शेवटी धड. बूट भराभर लहान व्हायला लागले की उसळी दाराशी आली समजा. हाडं आधी लांब होतात, मजबुती मागून येते. म्हणून याच काळात मनगटाजवळची हाडं जास्त मोडतात. गुडघ्याखालच्या उंचवट्यावर दुखत असेल तर उड्या आणि धावणं काही आठवडे कमी करावं. त्याला आळस म्हणू नये.

संयोजकांची चिठ्ठी आली. दहा मिनिटं. तर मेंदू.

मेंदूचं आकारमान सहाव्या वर्षापर्यंतच प्रौढाच्या नव्वद टक्क्यांवर पोचतं. पुढे होते ती छाटणी आणि वेष्टणी: पेशींमधले न वापरलेले जोड गळतात, तंतूंवर मायलिन या चरबीयुक्त पदार्थाचं आवरण चढतं. कपाळामागचा, आवर घालणारा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत पक्का होत राहतो. तरीही शांतपणे विचार करायला वेळ दिला तर सोळा वर्षांचं मूल मोठ्यांच्या तोडीचं तर्क लढवतं. मित्र बघत असले की गणित बदलतं. गार्डनर आणि स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांच्या 2005 च्या प्रयोगात, गाडी चालवण्याच्या खेळात, एकटी असताना किशोरवयीन मुलं मोठ्यांइतकाच धोका पत्करत होती; मित्र शेजारी असताना कितीतरी जास्त.

सामाजिक भागाचा माझा मुद्दा एवढाच, की लोक वय बघून वागत नाहीत, उंची बघून वागतात. एकाच वर्गातल्या दोन तेरा वर्षांच्या मुलांच्या हाडांच्या वयात, म्हणजे हाडं किती पक्व झाली त्यावरून ठरणाऱ्या वयात, तीन-चार वर्षांचं अंतर असू शकतं. लवकर वाढलेल्या मुलाला कप्तानपद मिळतं. लवकर वाढलेल्या मुलीला नको त्या नजरा, आणि तिच्यात नैराश्याचा धोकाही जास्त आढळतो. दोघांचा आवर घालणारा मेंदू मात्र तेराचाच असतो. फुटबॉलमध्ये आता ‘बायो-बँडिंग’ करतात: अपेक्षित अंतिम उंचीच्या किती टक्के गाठली, त्यावरून गट पाडतात. उशिरा वाढणाऱ्या मुलाला तिथे चेंडू तरी मिळतो.

डॉक्टरांकडे कधी जायचं, ते सांगून थांबतो. मुलीत आठ आणि मुलात नऊ वर्षांच्या आत वयात येण्याची लक्षणं दिसली तर. मुलीत तेरा, मुलात चौदापर्यंत काहीच दिसलं नाही तर. पंधरापर्यंत पाळी आली नाही तर. आणि सहा वर्षांनंतर, वयात येण्याआधी, वाढ वर्षाला 4 सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर. जाताना जुन्या मोजमापांचा तारखांसकट कागद न्या. हाडांचं वय बघायला डाव्या मनगटाचा एक्स-रे काढायचा की नाही, हे ठरवायला तो उपयोगी पडतो. झोपेचं राहिलं, प्रश्नांत विचारा. माईक मागच्या रांगेला द्या.