दाखल अंक आणि फोनचा कॅमेरा

(दृश्य: पावसात भिजलेली गल्ली, देवळामागची खोली, उघडं दार)

खानापूर तालुक्यात एकदा पाऊस लागला की भिंतींना ओल धरते. अशा हवेत कागद टिकवणं हेच मोठं काम. मलप्रभेकाठच्या या गावात वाचनालय म्हणजे एक खोली. आत लोखंडी कपाटं, एक टेबल आणि वर्तमानपत्रं वाचायला लांब बाक. बेळगाव शहरातलं सार्वजनिक वाचनालय १८४८ पासूनचं, त्याचा पसारा मोठा. ही खोली लहान आहे, पण इथे मराठी पुस्तक वाचायला मागणारा माणूस रोज येतो, आणि त्याला ते मिळालंच पाहिजे.

टेबलावर दाखल नोंदवही आहे. प्रत्येक पुस्तक आलं की त्याला एक अंक मिळतो. देवघेव इतकी वर्षं याच अंकावर चालली. प्रश्न यायचा तो शोधताना: अमुक पुस्तक कपाटात आहे की कुणाच्या घरी?

(दृश्य: कॉलेजची मुलगी फोन पुस्तकाच्या मलपृष्ठावर धरते)

त्यावर उपाय म्हणजे बारकोड. तो वाचायचं वेगळं यंत्र घ्यायला पैसे नाहीत. पण फोनचा कॅमेराही त्याला पुरतो. पुस्तकाच्या मागे छापलेला बारकोड म्हणजे आयएसबीएन, पुस्तकाचा जगभर चालणारा ओळख क्रमांक. २००७ पासून तो तेरा आकडी झाला. सुरुवातीला बहुधा ९७८ आणि भारतातल्या पुस्तकांना त्यापुढे ८१ किंवा ९३. शेवटचा आकडा पडताळणीचा. डावीकडून एकाआड एक आकड्यांना एक आणि तीनने गुणून सगळ्यांची बेरीज केली, तर तिला दहाने पूर्ण भाग जायला हवा. एखादा आकडा चुकीचा वाचला गेला तर हिशेब जुळत नाही आणि फोन तो अंक घेतच नाही.

एवढ्यावर काम भागत नाही, कारण हा अंक पुस्तकाचा आहे, प्रतीचा नाही. एकाच कादंबरीच्या तीन प्रती असल्या तर तिन्हींवर तोच बारकोड. शिवाय इथली कितीतरी पुस्तकं आयएसबीएन येण्याच्या आधीची, देणगीत आलेली. त्यांच्यावर काहीच छापलेलं नाही.

म्हणून वाचनालयाने स्वतःच्या चिठ्ठ्या छापल्या. अंक मात्र नवे घेतले नाहीत. नोंदवहीत होता तोच दाखल अंक कोड १२८ या प्रकारच्या रेघांत उतरवला. हा निर्णय मला सगळ्यात मोलाचा वाटतो. उद्या फोन बंद पडला तरी वही उघडून काम चालतं.

(दृश्य: चिठ्ठी चिकटवणारी बोटं, अगदी जवळून)

चिठ्ठी लेझर प्रिंटरवर छापलेली बरी, इंकजेटची शाई ओलीत पसरते. ती पाठकण्यावर लावायची नाही, तिथे रेघा वाकतात. मागच्या कव्हरच्या आत, सपाट जागी लावायची. दोन्ही बाजूंना कोरी पांढरी जागा राहिलीच पाहिजे. कात्री रेघांना चिकटून चालली तर कॅमेऱ्याला सुरुवातच सापडत नाही. वाचनालयाचा शिक्का रेघांवर पडला तरी तेच.

"काकू, हे काय घेईना बघा की."

"जरा लांब धर की, वीतभर. आणि तिरकं कर, उजेड चमकतोय त्याच्यावर."

ग्रंथपाल काकूंनी सांगितलं तसं धरल्यावर फोन टुणकन वाजतो. प्लॅस्टिकच्या कव्हरवरची चकाकी ही इथली रोजची अडचण.

ग्रंथालयांसाठी कोहासारखं मोफत सॉफ्टवेअर आहे. ते २००० साली न्यूझीलंडमधल्या ग्रंथालयांत पहिल्यांदा सुरू झालं. या खोलीला आज तरी साधी स्प्रेडशीट पुरते. नेट गेलं की नोंदी फोनमध्येच राहतात, रेंज आली की पुढे जातात. नावं मात्र हातानेच देवनागरीत भरावी लागतात, कारण छोट्या मराठी प्रकाशनांची माहिती नेटवर अनेकदा सापडतच नाही. एकाच लेखकाचं नाव दोन तऱ्हेने लिहिलं गेलं तर शोध फसतो, म्हणून काकू प्रत्येक ओळ तपासतात. कन्नड पुस्तकांच्या नोंदी कन्नड शाळेतली मुलं करतात.

(दृश्य: कपाटापुढे फोन घेऊन सरकणारी दोन मुलं)

खरा फायदा दिसतो तो वार्षिक पडताळणीत. एक एक कप्पा स्कॅन करत जायचं. नोंदवहीत आहे, कुणाला दिलेलं नाही आणि कपाटातही नाही, अशा पुस्तकांची यादी आपोआप निघते. ती यादी मराठीत आणि कन्नडमध्ये दारावरच्या फळ्यावर लावतात. घरात पडून राहिलेली काही पुस्तकं मग परत येतात. त्यांच्यावर इथे दंड घेत नाहीत.