निळी सावली

(दृश्य : चित्राची डावी बाजू, जवळून)

फाटकाच्या वरच्या दांडीवर एक पक्षी बसलाय. काळा-पांढरा, लांब शेपटीचा. फ्रेंचमध्ये त्याला 'पी' म्हणतात. आपल्याकडच्या टकाचोराचा हा भाऊबंदच, दोघंही कावळ्याच्या कुळातले. अख्ख्या चित्रात जिवंत जीव एवढा एकच, आणि चित्राचं नावही त्याचंच : 'ला पी'. चित्रकार क्लोद मोने.

(दृश्य : संपूर्ण चित्र)

बर्फ पडून गेलाय आणि आता ऊन आलंय. काटक्यांची वई, तिच्यामागे बर्फानं लगडलेली झाडं, त्यांच्या आडून डोकावणारं खेड्यातलं घर. १८६८-६९ चा हिवाळा. जागा फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरच्या एत्रता गावाजवळची.

(दृश्य : एत्रताचे पांढरे कडे, समुद्र)

मोने तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा. ल आव्र या बंदराच्या गावातल्या गोदिबेर नावाच्या कलाप्रेमी गृहस्थानं मदतीचा हात दिला, म्हणून जोडीदार कामीय आणि दीड वर्षाचा मुलगा झाँ यांना घेऊन त्याला इथं राहता आलं. मित्राला, चित्रकार बाझीयला, त्यानं इथूनच पत्र लिहिलं : हा मुलूख उन्हाळ्यापेक्षा हिवाळ्यातच मला जास्त आवडतो.

आणि तो नुसता खिडकीतून बघत बसणारा नव्हता. त्याआधीच्या एका हिवाळ्यात ओंफ्लर गावाजवळ एका पत्रकारानं त्याला बर्फात चित्र काढताना पाहिलं होतं : अंगावर तीन ओव्हरकोट, हातात मोजे, पायाशी ऊब घ्यायला शेगडी, चेहरा थंडीनं गारठलेला.

(दृश्य : वईची सावली, अगदी जवळून)

आता इथं थांबू या. खरं चित्र इथं आहे.

वईची सावली आपल्या दिशेनं पसरलीय, कारण सूर्य वईच्या पलीकडे आहे. बघा तिचा रंग. काळा नाही, तपकिरी नाही. निळा! मध्येच जांभळट. सावली म्हटली की रंगात काळा मिसळायचा, ही तेव्हा कलाशाळांतली सवय होती. मोनेनं ती बाजूला ठेवली आणि समोर जे दिसत होतं ते रंगवलं. बर्फावरच्या सावलीत थेट ऊन पोचत नाही, पण वरचं निळं आकाश पोचतं. तोच निळा रंग बर्फ परत आपल्या डोळ्यांकडे पाठवतो. उन्हातल्या बर्फाकडे बघा, तोही कोरा पांढरा नाही. कुठे पिवळसर, कुठे गुलाबी. त्या पिवळ्याशेजारी ठेवल्यामुळे निळा आणखी निळा दिसतो.

लक्षात घ्या, १३० सेंटिमीटर रुंद आणि ८९ सेंटिमीटर उंच कॅनव्हास, बराचसा पांढराच, आणि तरी कुठे सपाट वाटत नाही. हे साधलंय ते सावलीतल्या निळ्यामुळे. काळ्या रंगाची एकच ठसठशीत जागा, ती त्या पक्ष्याची. तो काढून टाका मनातल्या मनात, बाकीचं पांढरं लगेच फिकं पडेल.

(दृश्य : संग्रहालयाचं दालन, माणसं)

१८६९ च्या सलॉनसाठी, म्हणजे पॅरिसच्या मोठ्या अधिकृत चित्रप्रदर्शनासाठी, परीक्षकांनी हे चित्र नाकारलं. आज ते पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे.

(दृश्य : पुन्हा पक्षी, मग हळूहळू खाली सावलीकडे)

आता मी थोडा वेळ बोलत नाही. सावली बघा.