रटाळ भाषणात लिहिलेली गोष्ट

नमस्कार मंडळी. डबे भरत ऐकणारे, लोकलमध्ये कानात इअरफोन घालून लटकणारे, दुकानाचं शटर वर करताकरता ऐकणारे, सगळ्यांना नमस्कार. आजचा विषय, नोकरी, घर, मुलांच्या परीक्षा, गॅसचा नंबर, हे सगळं सांभाळून आपलं लिखाण सुधारायचं कसं. पहाटे चारला उठा असं मी सांगणार नाही, ते सांगणारे ढीगभर आहेत आणि ज्यांच्या नळाला पाणीच पहाटे येतं त्यांना ते ऐकवून उपयोग काय. मी आपला एक किस्सा सांगतो. मला तो सांगायला फार आवडतो, ज्यांनी माझ्या तोंडून आधी ऐकलाय त्यांनी तेवढ्यात चहा टाकून घ्या.

साल 1974. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर तेव्हा मुंबईत, टीआयएफआरमध्ये, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. केंब्रिजहून परत येऊन दोनेक वर्षं झालेली, पद्मभूषण तर त्याच्याही आधी, 1965 सालीच मिळालेलं. म्हणजे संशोधन, विद्यार्थी, परिषदा, व्याख्यानांची बोलावणी, आणि घरी लहान मुली. कामाचा रगाडा तुमच्याआमच्यापेक्षा कमी नव्हता. तर अहमदाबादला एका परिषदेला गेलेले, समोर एक वक्ते बोलतायत, आणि भाषण रटाळ म्हणजे अगदी रटाळ. अशा वेळी आपण काय करतो? हळूच मोबाईल काढतो. तेव्हा मोबाईल नव्हते हे मराठी साहित्याचं नशीबच म्हणायचं. मराठी विज्ञान परिषदेची विज्ञानकथा स्पर्धा जाहीर झालेली त्यांना माहीत होती, मग काय, बसल्या जागी त्यांनी गोष्ट लिहायला घेतली. शेजारच्याला वाटलं असेल, काय मन लावून नोट्स घेतायत!

गोष्टीचं नाव कृष्णविवर. आता खरी गंमत पुढेच आहे. स्वतःच्या नावाने पाठवली असती तर परीक्षक दबले असते, एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाला नाही कोण म्हणणार. मग त्यांनी स्वतःची आद्याक्षरं उलटी केली. ज. वि. ना. चं झालं ना. वि. ज. नारायण विनायक जगताप! बरं, नाव बदललं तरी अक्षराचं काय? अक्षर कुणीतरी ओळखेल म्हणून अख्खी गोष्ट मंगलाताईंकडून, म्हणजे बायकोकडून, लिहून घेतली आणि ती पाठवली. आणि कुणा जगतापांच्या त्या गोष्टीला पहिलं बक्षीस! जगताप कोण हे नंतर कळल्यावर परिषदेतल्या मंडळींचे चेहरे कसे झाले असतील, ते बघायला मी काहीही दिलं असतं.

जाता जाता सांगतो, विषय सोडून आहे पण सांगतोच. मंगलाताई म्हणजे नुसत्या अक्षर सुंदर म्हणून लिहून देणाऱ्या नव्हत्या हो, त्या स्वतः गणितज्ञ. लग्न, परदेश, मुली, येणारेजाणारे, हे सगळं करून त्यांनी 1981 साली गणितात पीएचडी मिळवली. वेळेची मारामार म्हणजे काय हे खरं तर त्यांना विचारायला हवं होतं, पण आपल्याकडे मुलाखत घेणारे बाईंना स्वयंपाकाचं विचारतात आणि बुवांना प्रेरणेचं. असो.

किस्सा संपला. आता यातून घ्यायचं काय, तर दोनच गोष्टी, तारीख आणि अनोळखी वाचक. परत सांगतो, तारीख आणि अनोळखी वाचक. स्पर्धेला शेवटची तारीख होती म्हणून गोष्ट लिहून झाली, नाहीतर ती डोक्यातच राहिली असती. आणि वाचणाऱ्याला लेखक कोण ते माहीत नव्हतं म्हणून जो निकाल आला तो खरा होता. आपलं कसं असतं, लिहिलं की फॅमिली ग्रुपवर टाकतो, पाच मिनिटांत मावशीचा अंगठा, काकांचं खूप छान, एका भाच्याने तर उघडलंही नसतं तरी टाळ्या. त्याने उत्साह वाढतो, मान्य, पण लिखाण तसूभर पुढे सरकत नाही. मावशीला तुम्ही आवडता, तिचा काही दोष नाही. ज्याला तुमचं काही देणंघेणं नाही असा माणूस कुठल्या परिच्छेदाला जांभई देतो ते कळलं पाहिजे.

मग कुठे पाठवायचं? आपल्याकडे दिवाळी अंक आहेत की! 1909 साली मनोरंजन मासिकाचा दिवाळी अंक निघाला तेव्हापासून ही परंपरा आहे, आणि दिवाळी ऑक्टोबर-नोव्हेंबरात असली तरी संपादकांचं काम पावसाळ्यातच सुरू होतं, त्यामुळे गणपतीत जागे झालात तर उशीर झाला समजा. विशेषांकांची आवाहनं असतात, कथास्पर्धा असतात, बहुतेक स्पर्धांत नाव वेगळ्या कागदावर मागतात ते याचसाठी. साभार परत आलं तर तेच पुन्हा वाचून, दुरुस्त करून दुसरीकडे पाठवा. आणि पाठवण्याआधी एकदा स्वतःच्या हाताने उतरवून काढा किंवा मोठ्याने वाचा, जिथे श्वास कमी पडतो ते वाक्य तोडा, एवढं एकच तंत्र सांगतो, बाकीची महागड्या वर्कशॉपवाल्यांसाठी सोडतो.

आणि ऑफिसात दर सोमवारी ती रटाळ मीटिंग असते ना, तिथे वही घेऊन जायला विसरू नका. फक्त साहेबांनी मध्येच काही विचारलं तर मान वर करून हो म्हणायची सवय ठेवा, त्याची जबाबदारी मी घेणार नाही. वेळ संपलाय, आता बातम्या ऐका.