आधी हार्पून

(दृश्य: टेकडीवरून दिसणारा फिओर्ड, म्हणजे डोंगरांत शिरलेला समुद्राचा चिंचोळा फाटा. फक्त वाऱ्याचा आवाज.)

ऑगस्टची सुरुवात. रात्रीचे दोन वाजलेत आणि लख्ख ऊन पडलंय. दुर्बिणीला डोळा लावून एक शिकारी टेकडीवर बसलाय, तासन् तास. खाली इंगलफील्ड फिओर्डमध्ये नारव्हाल, म्हणजे लांब सुळ्याचा छोटा देवमासा, कधी डोकं वर काढेल, नेम नाही.

हे कानाक. ग्रीनलंडच्या वायव्येला, 77 अंश उत्तरेवर. वस्ती जेमतेम सहाशेची. इथले लोक इनुघुइट, इनुइटांचीच एक शाखा.

(दृश्य: पाण्यात उतरणारी कयाक, म्हणजे वल्ह्याची अरुंद होडी.)

दिसला! आता मोटारबोट मागे ठेवायची आणि कयाक काढायची. नारव्हालचे कान फार तिखट. वल्ह्यावरून टपकणारं पाणीही सांभाळावं लागतं. बंदूक आहे की, पण इथला नियम म्हणजे आधी हार्पून, म्हणजे दोर बांधलेला भाला, मग गोळी. नुसती गोळी घातली तर जनावर बुडतं, आणि हाती काहीच लागत नाही.

हार्पून बसला की टोक आत रुततं, दांडा निसटतो आणि दोर सरसर सुटत जातो. दोराच्या शेवटी फुगवलेलं सीलचं अख्खं कातडं असतं. त्याला म्हणतात अवतक. ते ओढता ओढता जनावर दमतं, आणि मेल्यावर तेच त्याला तरंगत ठेवतं. सगळी करामत या फुग्याची!

(दृश्य: किनारा. सुरी, कातडी, हात.)

हे नारव्हालचं मत्ताक. वर करडी कातडी, खाली चरबी. बारीक चिरा पाडून कच्चंच चघळायचं, बराच वेळ. भाजीपाला न पिकणाऱ्या या मुलखाला क जीवनसत्त्व पुरवलं ते यानंच.

(दृश्य: जुनी छायाचित्रं.)

खरं तर हे इथल्या लोकांचं मूळ गाव नव्हे. ते दक्षिणेला, शंभरेक किलोमीटरवर. तिथे अमेरिकेचा थुले हवाई तळ आला, आणि 1953 च्या मे महिन्यात अवघ्या काही दिवसांत त्यांना घरं सोडायला लावली. 2003 मध्ये डेन्मार्कच्या सर्वोच्च न्यायालयाने भरपाई कायम केली. परत जायचा हक्क मात्र दिला नाही. पैसे मिळाले, शिकारीच्या जागा गेल्या.

(दृश्य: काळोख. कुत्र्यांची गाडी.)

ऑक्टोबरअखेर सूर्य मावळतो तो थेट फेब्रुवारीत उगवतो. समुद्र गोठला की गाडीला कुत्री जुंपायची. पण बर्फ आता उशिरा धरतो, आणि पातळही असतो. गाडी थांबते. शिकारी खाली उतरतो, लोखंडी टोकाची काठी समोरच्या बर्फावर मारतो आणि कान देऊन ऐकतो. कुत्री बसून राहतात.

तो पुन्हा एकदा काठी मारतो.