पोक 16384, 255

(दृश्य: टेबलावर काळी चपटी पेटी. राखाडी रबरी बटणं, उजव्या कोपऱ्यात रंगीत पट्टे.)

हा झेडएक्स स्पेक्ट्रम. क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने एप्रिल 1982 मध्ये ब्रिटनच्या बाजारात आणलेला घरगुती संगणक. 48 के मेमरीचं मॉडेल 175 पौंडांना मिळायचं, आणि पडदा म्हणून घरातलाच टीव्ही. पुढे भारतातही डेसिबेल्स नावाच्या कंपनीने परवाना घेऊन स्पेक्ट्रम प्लस विकला. तेव्हा माळ्यावर एखादा निघालाच तर एक सांगून ठेवतो: याला 9 व्होल्ट डीसी लागतात, पण पिनच्या मध्यभागी ऋण टोक असतं. हल्लीच्या बहुतेक अडॅप्टरांत ते उलट असतं. व्होल्टेज जुळतंय म्हणून हाताला लागेल तो अडॅप्टर खुपसू नका.

जुनं मशीन कुणाला दाखवायचं म्हटलं की लोक आधी गेम लावतात. मला ते पटत नाही. पाहुणा दोन मिनिटं हसतो, "काय ते ग्राफिक्स!" म्हणतो आणि चहाकडे वळतो. माझी मैत्रीण मोबाइल ॲप लिहिते. तिच्यापुढे मी कोरा पडदा ठेवला.

(दृश्य: पांढरा पडदा, तळाशी सिंक्लेअरची ओळ. बोटं बटणांवर.)

तिला 'प्रिंट' टाइप करायचं होतं. तिने 'पी' दाबला आणि पडद्यावर आख्खा 'प्रिंट' उमटला. बोटं सवयीने पुढे धावली: 'प्रिंट रिंट'. एंटर. मशीनचं उत्तर: व्हेरिएबल नॉट फाउंड.

"अगं, त्याला वाटलं 'रिंट' नावाची किंमत छापायची आहे."

इथे बेसिक या प्रोग्रॅमिंग भाषेचा प्रत्येक शब्द एका बटणावर बसवलेला आहे. मेमरीतही तो एकाच बाइटमध्ये, म्हणजे आठ बिटांच्या एका घरात मावतो. 48 के म्हणजे 49,152 बाइट. काटकसर आलीच.

आता 'ओ' हे बटण. त्यावर 'पोक' आहे. पोक म्हणजे मेमरीतल्या अमुक घरात तमुक आकडा नेऊन ठेव. कुणाची परवानगी नाही, मध्ये कुणी नाही.

(दृश्य: पोक 16384, 255. वरच्या डाव्या कोपऱ्यात बारीक काळी रेघ.)

पडद्याची मेमरी 16384 पासून सुरू होते. 255 म्हणजे आठही बिट चालू, म्हणून आठ ठिपक्यांची रेघ. मग पोक 22528, 22. रेघ पिवळी झाली, तिच्यामागचा चौकोन लाल. ठिपके एकीकडे साठवलेले, रंग दुसरीकडे. आठ बाय आठ ठिपक्यांच्या एका चौकोनात दोनच रंग. म्हणून तर या मशीनच्या गेममध्ये पात्रं भिंतीजवळ गेली की रंग एकमेकांत घुसतात.

मैत्रीण खुर्ची पुढे ओढते. एका ओळीत 256 ठिपके, म्हणजे 32 बाइट. मग दुसरी ओळ 16416 ला असणार. ती पोक करते. रेघ उमटते, पण लगेच खाली नाही, आठ ठिपके खाली!

"हे काय?"

सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं. तेव्हा गेम कॅसेटवर आवाजाच्या रूपात असायचे. अशाच एका गेम कॅसेटच्या आवाजाची फाइल असलेला फोन घेतला, वायर 'इअर' सॉकेटला लावली आणि आवाज पूर्ण वाढवला. 'जे' म्हणजे लोड, मग दोन अवतरणचिन्हं, एंटर.

(ध्वनी: लांब शिट्टी, मग खरखर. दृश्य: कडेला लाल-आकाशी पट्टे, मग निळे-पिवळे.)

गेमआधी त्याचं चित्र येतं. 6,912 बाइट, सुमारे 40 सेकंद. बघा, ते वरून खाली सरळ भरत नाही. आधी पडद्याचा वरचा तिसरा हिस्सा. त्यातही प्रत्येक आठवी ओळ आधी, मग मधल्या फटी बुजत जातात. मग दुसरा हिस्सा, मग तिसरा.

"अरे, हे माझंच 16416!"

हो. मेमरीतल्या घरांच्या आकड्यांचा, म्हणजे पत्त्यांचा क्रम असा ठेवला की अक्षर छापताना खालच्या ओळीवर जायला दोन बाइटच्या पत्त्यातला वरचा बाइट फक्त एकाने वाढवावा लागतो, म्हणजे पत्ता 256 ने पुढे जातो. या मशीनच्या झेड80 प्रोसेसरला हे काम एका सूचनेत जमतं. मग लगेच खालची ओळ कुठे? ती मनात हिशेब करते: 16384 अधिक 256. 16640.

शेवटच्या 768 बाइटमध्ये रंग येतात आणि काळं-पांढरं चित्र चौकोनाचौकोनाने रंगत जातं. गेम यायला अजून काही मिनिटं आहेत. मैत्रीण विचारते, हे लोडिंग मध्येच थांबवता येतं का? तिला 16640 तपासायचंय.

स्पेस. एवढंच दाबायचं.